साखरेची भावकी आणि नातीचा एक गुण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र एका गुणाबद्दल आहे.

माझी नात सहावीत आहे, सेमी इंग्रजीला. गेल्या महिन्यात तिच्या शाळेत सामान्यज्ञानाची लेखी स्पर्धा झाली. त्यात प्रश्न होता, ‘न्यूज’ या शब्दाचा फुलफॉर्म लिहा. अपेक्षित उत्तर असं, की एन म्हणजे नॉर्थ, ई म्हणजे ईस्ट, डब्ल्यू म्हणजे वेस्ट आणि एस म्हणजे साउथ. चारी दिशांनी येते ती न्यूज. नातीनं लिहिलं, ‘याला फुलफॉर्म नाही. न्यू म्हणजे नवं, त्याचंच न्यूज.’ त्यावर लाल शाईची फुली पडली आणि पोरीचा दुसरा नंबर एका गुणानं हुकला.

ते उत्तर तिला शिकवणारा मी, म्हणून शाळेतही मीच गेलो. बाई भल्या आहेत. बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि टेबलाच्या काचेखालून एक कात्रण काढून माझ्यापुढं ठेवलं. ‘आजोबा, पेपरातच आलंय बघा.’ बघतो तर तुमच्या रविवारच्या पुरवणीतली ती ‘माहीत आहे का?’ची पिवळी चौकट. न्यूज, फॅमिली, गोल्फ, सॅलरी, चारी शब्द एका खाली एक. मग बाईंशी काय वाद घालणार? पोत्यात खडे निघाले तर हमालाशी भांडून उपयोग नसतो, माल ज्यानं भरला त्याला पत्र टाकायचं असतं. ते हे पत्र.

मी चाळीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर दिवाणजी होतो. आधी हळद आणि गूळ, पुढं पुढं बेदाणा. शिक्षण जुनी अकरावी. इंग्रजी बेताचं, पण परगावच्या व्यापाऱ्यांच्या तारा आणि पत्रं वाचता वाचता त्याची गोडी लागली. एकदा पेढीच्या कामाला पुण्याला गेलो असताना अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात एक जाडजूड इंग्रजी कोश सापडला. नुसता अर्थ देणारा नाही, शब्द कुठून कसा आला तेही सांगणारा. साठ रुपये पडले. एवढ्यात एक स्टोव्ह आला असता, हे घरी आल्यावर ऐकून घेतलं.

२०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा हा कोश नेमका खालच्या फळीवर होता. फुगून उशीएवढा झाला. तासगावच्या एका ओळखीच्या बागायतदारानं बेदाणा शेडची जाळी आणून दिली, तिच्यावर उघडा टाकून, पंखा लावून आठवडेच्या आठवडे वाळवला. अजूनही पान उलटलं की गाळाचा वास येतो, आणि ‘जी’ची पंधरा-वीस पानं एकमेकांना चिकटून बसलीत ती बसलीतच.

आता चौकटीतल्या चार शब्दांचा हिशेब.

न्यूज हा शब्द इंग्रजीत चौदाव्या-पंधराव्या शतकापासून आहे, आणि जुन्या स्पेलिंगात डब्ल्यूच्या पुढं आणखी एक ‘ई’ दिसतो. म्हणजे पूर्व दिशेनं दोनदा बातमी यायची की काय? शिवाय दिशा मोजताना कुठला शहाणा उत्तरेवरून पूर्वेला, तिथून थेट पश्चिमेला आणि मग दक्षिणेला अशा उड्या मारतो? लॅटिनमध्ये ‘नोवा’, फ्रेंचमध्ये ‘नुव्हेल’, म्हणजे नव्या गोष्टी. त्याच चालीवर इंग्रजांचं न्यूज. आपणही पारावर कुणी भेटला की ‘काय नवीन?’ असंच विचारतो, ‘काय बातमी?’ क्वचितच. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची टूम ही मुख्यतः विसाव्या शतकातली. रडार, लेझर हे शब्द खरोखर तसे जन्मले. त्यांचे फुलफॉर्म पोरांना खुशाल विचारा.

फॅमिली म्हणजे म्हणे ‘फादर अँड मदर आय लव्ह यू’. हे तर लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवर शोभेल. लॅटिनमध्ये ‘फामुलुस’ म्हणजे घरगडी, आणि ‘फामिलिया’ म्हणजे एका धन्याच्या घरात राबणारी-राहणारी सगळी माणसं, गुलामांसकट. इंग्रजीतसुद्धा आधी घरच्या नोकरचाकरांना फॅमिली म्हणत. आई-बाप-पोरं हा अर्थ मागून आला. आमच्या वडिलांच्या तोंडी ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ असं असायचं, तेव्हा त्या कुटुंबात एकटी आई असायची. शब्द असे कधी पसरतात, कधी आक्रसतात. हे वर्गात सांगून बघा, पोरं हसतील आणि जन्मात विसरणार नाहीत.

गोल्फचा तो ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ तर निव्वळ वात्रटपणा. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटानं लोक तिरंदाजीचा सराव सोडून या खेळाच्या नादी लागलेत म्हणून त्यावर बंदी घातली, त्या कायद्यात शब्द आहेच. तिथं बाया-बाप्यांचा प्रश्न नव्हता, सगळ्यांनाच बंदी होती.

राहिली सॅलरी. ही अर्धी खरी आहे म्हणून जास्त घातक. लॅटिन ‘सालारियुम’चा ‘साल’शी, म्हणजे मिठाशी, संबंध आहे हे खरं. पण रोमन शिपायांना पगारात मिठाची पोती मिळायची, याला त्या काळचा पुरावा नाही. ती गोष्ट मागच्यांनी रचलेली.

आता हे सगळं खोटं ठरवलं तर पोरांना सांगायचं काय, असं बाई म्हणाल्या. प्रश्न रास्त आहे. त्यावर माझं म्हणणं, रोम आणि लंडनला जायच्या आधी एकदा आपल्या यार्डात या.

गुळाचा सौदा चालू असताना व्यापारी रव्याचा एक कोपरा फोडतो, खडा बोटात चुरडतो, जिभेवर ठेवतो. कण लागला पाहिजे, चिकट लागता कामा नये. तो जो कण आहे ना, तीच आपली शर्करा. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ गोड असा नाहीच. रेताड खडे, वाळूचे कण असा आहे. आयुर्वेदात लघवीवाटे पडणाऱ्या बारीक खड्यांनाही शर्करा म्हणतात. उसाचा रस आटवून कण धरायला लागल्यावर लोकांना वाळू आठवली, आणि ते नाव चिकटलं. हीच शर्करा इराणात गेली, ‘शकर’ झाली. अरबांनी ‘सुक्कर’ केलं, इटलीत ‘झुक्केरो’, फ्रान्सात ‘सुक्र’ आणि इंग्लंडात ‘शुगर’. ही एक शाखा.

दुसरी शाखा दक्षिणेला गेली. केरळात शर्करेचं ‘चक्कर’ झालं, ते पोर्तुगीजांनी ऐकलं आणि ‘जागरा’ म्हणून वहीत मांडलं. त्यांच्याकडून इंग्रजांनी उचललं ते ‘जॅगरी’. म्हणजे बघा, मी चाळीस वर्षं शुगर आणि जॅगरीची खाती वेगवेगळ्या पानांवर लिहिली, कारखान्याची साखर एका बाजूला, गुऱ्हाळाचा गूळ दुसऱ्या बाजूला, आणि निघाल्या सख्ख्या बहिणी! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी बायकोला उठवून सांगितलं. तिनं ‘बरं’ म्हणून कूस बदलली.

तिसरी बहीण माझ्या औषधाच्या डबीत आहे. सॅकरिन. १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या विद्यापीठात कॉन्स्टंटिन फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ डांबरातल्या पदार्थांवर काम करत होता. हात नीट न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला. त्या पदार्थाला नाव दिलं ते साखरेच्या लॅटिन-ग्रीक नावावरून, आणि ते ग्रीक नावही आपल्या शर्करेवरूनच गेलेलं. साखर वर्ज्य झालेला माणूस चहात पुन्हा शर्कराच टाकतो.

कँडीचंही तेच. पोरं दुकानात ‘कँडी द्या’ म्हणतात तेव्हा खंड मागत असतात. खंड म्हणजे तुकडा. खांड आपण अजून म्हणतो. त्याचं फारसीत ‘कंद’, अरबीत ‘कंदी’, आणि फ्रेंचांमार्फत इंग्रजी कँडी. यात सातारच्या कंदी पेढ्याला ओढायचा मोह मला फार झाला होता, पण कागद सापडेना म्हणून मी तो पेढा नुसता खाऊन टाकला.

आल्याची गोष्ट मात्र मला अगदी जिव्हारी लागली. कोशात ‘जिंजर’ नेमका त्या चिकटलेल्या पानांत अडकलेला, म्हणून वाचनालयात जाऊन बसलो. ग्रीक ‘झिंगिबेरिस’, त्याच्यामागं प्राकृत, त्याच्यामागं संस्कृत ‘शृंगवेर’. आपल्या जुन्या पंडितांनी त्याची फोड केली, शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे अंग, शिंगासारखं अंग असलेलं ते शृंगवेर. सातारी आल्याचा गड्डा हातात घेतला तर पटतंही, सांबराची शिंगंच जणू. पण भाषा जाणणारे लोक सांगतात की शब्द मुळात दक्षिणेचा. तमिळमध्ये ‘इंजि’ म्हणजे आलं आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. शिंग नंतर बसवलं. म्हणजे तुमच्या चौकटीचा आजार हजारो वर्षांचा आहे, तुम्हाला एकट्यालाच काय बोलू.

मिरीच्या बाबतीत तर लेबलांचा घोळ. पिप्पली म्हणजे आपली लेंडी पिंपळी. ती लांबट, वैद्याच्या पेटीतली. तिचं नाव ग्रीकांकडं ‘पेपेरी’, रोमनांकडं ‘पिपेर’ म्हणून गेलं आणि बसलं मात्र काळ्या मिरीवर. पुढं कोलंबस मिरी शोधायला निघाला, पोचला भलतीकडं, तिथं तिखट मिरची भेटली, तिलाही पेपरच म्हणून मोकळे झाले. एका लेबलावर तीन माल. आमच्या शेटनी एवढ्यावर माझा पगार कापला असता.

आणि ज्या मालावर माझं उभं आयुष्य गेलं त्या हळदीचं? ‘टर्मरिक’पुढं कोशानं स्वच्छ लिहिलंय, उगम अनिश्चित. मी थोडा हिरमुसलो, पण त्या माणसांबद्दल आदरच वाटला. पुरावा नाही तर जागा कोरी. हळदीचं शास्त्रीय नाव ‘कुर्कुमा’ मात्र अरबी ‘कुर्कुम’वरून आलंय, आणि कुर्कुम म्हणजे केशर. दोन्ही पिवळं. हळद केशर म्हणून खपवायची कल्पना किती जुनी असेल त्याचा अंदाज येतो.

बेदाण्याशिवाय सांगलीचं पत्र पुरं व्हायचं नाही. बेदाणा हा शब्द फारसी, ‘बे-दाना’, बी नसलेला. इंग्रजी ‘रेझिन’ आला फ्रेंचातून, तिथं त्याचा अर्थ ओलं द्राक्ष, आणि लॅटिनमध्ये ‘राकेमुस’ म्हणजे घड. उलट इंग्रजी ‘ग्रेप’ हा फ्रेंचात घड होता, आणि त्याच्या मागं घड तोडायचा आकडा आहे. थोडक्यात फ्रेंचांचा घड इंग्रजांचं द्राक्ष झाला, फ्रेंचांचं द्राक्ष इंग्रजांचा बेदाणा. बारीक काळ्या मनुकेला ते ‘करंट’ म्हणतात, त्याचा विजेशी संबंध नाही. ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराचे बेदाणे म्हणून करंट. सोलापुरी चादर, तसे कॉरिंथी बेदाणे. नंतर चादर गळाली, नुसतं सोलापुरी राहिलं, असं समजा.

आमच्या कृष्णाकाठच्या वांग्याचा प्रवासही असाच. संस्कृत वातिंगण, फारसी बादिंगान, अरबी अल-बादिंजान, पोर्तुगीज बेरिंजेला, आणि तिथून परत इथं ‘ब्रिंजल’. हरभट रोडच्या भाजीवाल्या मावशी एखाद्या मुंबईच्या बाईला ‘ब्रिंजल घ्या ताई’ म्हणतात, तेव्हा जगप्रदक्षिणा करून आलेलं वांगं त्या पाटीत टाकत असतात. आणि ‘मंगूस’ तर थेट आपलं मराठी मुंगूस, गावभागातल्या पडक्या वाड्यांत हिंडणारं. त्यात ‘गूज’ म्हणजे हंस शोधू नये.

इथं एक धोका आहे. हे सांगायला लागलं की आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त साहेब लगेच टाळी मागतात, ‘बघा, मी म्हणत नव्हतो, इंग्रजी संस्कृतातूनच निघाली! मदर मातृ, डॉटर दुहितृ, नेम नाम, डोअर द्वार!’ साहेब वयानं मोठे, म्हणून तिथं गप्प बसतो, पण इथं लिहितो. शुगर ही उसनवारी आहे. नग इथून निघाला, कुणाकुणाच्या हातून गेला, प्रत्येक ठिकाणची नोंद दाखवता येते. मदर आणि मातृ ही भावकी आहे. भावकीत कुणी कुणाकडून काही नेलेलं नसतं, दोघांचा खापरपणजोबा एक असतो. १७८६ साली कलकत्त्यात न्यायाधीश असलेल्या विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढं हेच मांडलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळातून आल्या असाव्यात, आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नसेल. चुलतभावाला मुलगा म्हणून सातबाऱ्यावर चढवलं तर काय होतं, हे सांगली जिल्ह्यात कुणाला समजावायला नको.

आता परत त्या न्यूजकडं या. त्यातला ‘न्यू’ आणि आपला ‘नव’ हे भावकीतले. लॅटिन ‘नोवुस’ही त्यातलाच. माझ्या नातीनं लिहिलं होतं, न्यू म्हणजे नवं. तिला ठाऊक नव्हतं, पण तिनं एका ओळीत दोन चुलत बहिणी शेजारी शेजारी बसवल्या होत्या. त्यावर फुली पडली, आणि चार दिशांना पूर्ण गुण.

उसनवारी एकतर्फीही नाही. आमच्या पेढीवर सौद्याला ‘लिलाव’ म्हणायचे, तो शब्द पोर्तुगीज ‘लेलांव’. महिन्याच्या महिन्याला ज्यासाठी मी वाट बघायचो तो ‘पगार’ही पोर्तुगीजच, ‘पागार’ म्हणजे चुकता करणं. हमालांचं घमेलं पोर्तुगीज, गोदामाची चावी पोर्तुगीज. सकाळी यार्डाचं फाटक उघडण्यापासून संध्याकाळी हिशेब मिटेपर्यंत निम्मा कारभार परक्या शब्दांवर चालायचा, आणि एकाही हमालाला त्याचं ओझं झालं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चौकटीसाठी एवढं मोठं पत्र! पण संपादक महाशय, मोबाइलवर आलेली गोष्ट लोक अर्धी खरी मानतात, आणि तीच तुमच्याकडं छापून आली की टेबलाच्या काचेखाली जाते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. एकेका शब्दाचा सर्वांत जुना लेखी वापर हुडकण्यात माणसांची आयुष्यं गेली, मुख्य संपादक जेम्स मरी तर काम पुरं व्हायच्या आधीच १९१५ मध्ये वारले. तुमच्या पुरवणीवाल्यांनी चौकट छापण्याआधी पाच मिनिटं एखादा कोश उघडला तरी पुष्कळ.

माझी मागणी दोन ओळींची आहे. एक, त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच आकाराच्या पिवळ्या चौकटीत दुरुस्ती छापा. आतल्या पानावर तळाला, निविदांच्या शेजारी नको. दोन, जमलं तर महिन्यातून एकदा असा एक खरा शब्द छापा. साखरेपासून सुरुवात करा, सांगलीला शोभेल. गुण परत मिळावा असं माझं म्हणणं नाही. बाईंना मी तसं सांगितलंय, आणि दुरुस्ती आली की पहिलं कात्रण त्यांनाच नेऊन देणार आहे, काचेखाली ठेवायला.

नाव छापू नये ही विनंती. नात अजून त्याच शाळेत आहे.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी
गावभाग, सांगली

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी नातीला वाचायला दिलं. तिनं सगळं सोडून शेवटची सही धरली. ‘आबा, दिवाणजी म्हणजे काय?’ म्हटलं, हिशेब लिहिणारा. ‘ते नाही, शब्द कुठला?’ मग दोघांनी मिळून कोश काढला. फारसी ‘दीवान’ म्हणजे मुळात नोंदवही. नोंदवही जिथं ठेवतात ती कचेरी. कचेरीतले अधिकारी भिंतीला लागून ज्या लांब बैठकीवर बसत, तिलाही तुर्कस्तानात तेच नाव पडलं, आणि इंग्रजांनी तेवढी बैठकच उचलली. फ्रेंचांकडं हाच शब्द ‘दुआन’ होऊन जकात नाक्यावर बसला. म्हणजे ज्या हुद्द्यावर मी चाळीस वर्षं काढली, त्यावर इंग्रज लोक लोळतात आणि फ्रेंच लोक जकात भरतात. नातीला एवढं हसू आलं की तिची आजी स्वयंपाकघरातून बघायला आली. आत्ता हे लिहितोय तेव्हा पोरगी बाहेरच्या खोलीत दिवाणावर पालथी पडून कोशाची पानं चाळतेय. ‘जी’ची चिकटलेली पानं उलथन्यानं सोडवू नकोस, एवढं तेवढं बजावून ठेवलंय.